ओलं वजन

अकरा वर्षं मी हिंगमिरे मॅडमचं बोलणं टाईप केलं.
शिवाजीनगर कोर्ट, दुसरा मजला,
खिडकीतून दिसायचं झेरॉक्सचं दुकान
आणि त्यापुढं जामीनदारांचा घोळका.
त्या सांगायच्या, मी बडवायचे.
स्वल्पविरामसुद्धा त्या स्वतः उच्चारायच्या.

लहू कसबेच्या पंचनाम्यात होतं:
उग्र वासाचा, हिरवट, ओलसर पाला,
बोंडं, देठ, काड्या, सगळं गोणीसकट
एकवीस किलो तीनशे ग्रॅम.
वीसच्या वर काटा गेला
की कायदा न्यायाधीशाचेही हात बांधतो,
कमीत कमी दहा.
शिरस्तेदार तळहातावर चुना मळत
रोजनामा लिहीत होते.

लहू एकोणीसचा, ताडीवाला रोडचा.
स्वारगेटला गोणी उतरवायचे पाचशे ठरलेले.
गोणी ज्याची, त्याचं नाव
कुठल्याच कागदावर चढलं नाही.
एक पंच फितूर. दुसऱ्यानं फक्त
स्वतःची सही ओळखली.
मॅडम म्हणाल्या,
दहा वर्षं सक्तमजुरी, स्वल्पविराम,
एक लाख दंड, पूर्णविराम.

दीड वर्षानं मुद्देमाल जाळायला काढला.
लाखेची मोहोर शाबूत. पुन्हा काटा.
तेरा किलो आठशे.
"वाळला, मॅडम," हवालदार घाबरून म्हणाला,
"चोरी नाय, मोहोर बघा."
"बघितली."
त्या दिवशी त्यांनी डबा उघडला नाही.
चार वाजता मला म्हणाल्या,
कायद्यानं हात बांधले होते, डोळे नव्हते.
हे टाईप करायचं होतं का, कळलं नाही.
मी केलं नाही.

निवृत्त झाल्या आणि बोलायला लागल्या.
नवी पेठेतला हॉल, तीस खुर्च्या, बावीस माणसं,
"प्रश्न विचारा, भाषण नको" अशी पाटी,
आणि पाटीखाली बसून भाषण करणारे एक काका.
मॅडम म्हणाल्या, मी नशेची वकिली करत नाही.
माझा भाऊ दारूनं गेला, परवान्याच्या दारूनं.
शिवरात्रीला आपण भांग घोटतो, वर प्रसाद म्हणतो.
माणूस आपल्या घरात आपल्या जिवाचं काय करतो
हे बघायला सरकारनं दार ढकलावं का?
आणि ढकललंच,
तर सोबत डॉक्टर आणावा की बेडी?
गाडीतून फिरणाऱ्या पोराला समुपदेशन,
गोणी वाहणाऱ्याला येरवडा,
हे वजन कुठल्या काट्यावर केलं आपण?

मग मागच्या रांगेतून एक बाई उठली.
धानोरीहून आलेली, हातात नायलॉनची पिशवी.
"माझा पावडरीनं गेला. बावीसचा होता.
दोस्तांनी ससूनच्या गेटाशी टेकवला नि पळाले,
पोलिसांच्या भ्यानं.
दोन तास आधी आणला असता, डॉक्टर म्हणाले..."
पिशवी या हातातून त्या हातात.
"तरी मोकळं करू नका, बाई."

हॉलमध्ये कुणीतरी खोकलं.
मला कळलं, आता मॅडम म्हणणार,
भ्यानं गेला ना तो, मी तेच तर सांगतेय.
कुठलाही वकील म्हणाला असता.
काकांनी तर तोंड उघडलंही होतं.
मॅडमनी चष्मा काढला.
"नाव काय त्याचं?"
"हर्षद."
भाषणाच्या कागदावर, समासात,
पेन्सिलीनं त्यांनी ते लिहून घेतलं.
उत्तर दिलंच नाही.
आयोजकांनी घाईघाईनं आभार मानले.

रिक्षा मिळेना. शास्त्री रोडनं चालत निघालो.
दर महिन्याला त्या येरवड्याला अर्ज देतात,
लहूच्या मुलाखतीचा.
लहू येत नाही.
दारावरचा शिपाई आता ओळखतो,
नुसती मान हलवतो.
"अपिलात वजनाचा मुद्दा घेतलाय त्याच्या वकिलानं,
मी लिहून दिलंय माझं, शपथेवर."
"मग भेटायला तरी का येत नाही तो?" मी विचारलं.
"नाही म्हणतो.
तेवढं तरी त्याचं त्याच्याकडे राहू दे."

एक रिक्षा थांबली.
मीटरनं येणार का, मी विचारलं.
तो नाही म्हणाला.
मॅडम आधीच आत बसल्या होत्या.